सुटे अंक की एकत्रित खंड? कॉमिक्स घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नागपूरहून आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत होती. कॉमिक्स सुट्या अंकांत घ्यावीत, की अनेक अंक एकत्र बांधलेल्या खंडांत? पुनरुक्ती टाळण्यासाठी पत्रे संक्षिप्त करून, त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे आणि तिला ‘अमर चित्र कथा’ फार आवडतात. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाणे झाले की आम्ही एक-दोन सुटे अंक घेऊन येतो. वाढदिवसाला महाभारताच्या खंडांचा संच द्यावा, असे तिच्या मामाचे म्हणणे आहे. एवढे जड पुस्तक मूल हातात तरी धरेल का, अशी आजीची शंका आहे. घरात जागा बेताची आहे. काय करावे?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : मामा आणि आजी या दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, फक्त ते वेगवेगळ्या पुस्तकांना लागू पडते. कॉमिक्स घेताना किंमत, जागा आणि वजन यांच्याही आधी एक गोष्ट पाहावी : ती कथा कोठे संपावी म्हणून रचलेली होती? अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’चा नेहमीचा अंक ३२ पानांचा असतो आणि एखादी व्यक्ती किंवा एखादे आख्यान त्या ३२ पानांत पुरे होते. लेखकाने आणि चित्रकाराने त्या पानांचा हिशेब मनात धरूनच प्रसंग निवडलेले असतात. असा अंक सुटा घेतल्याने काहीही बिघडत नाही. उलट तो एका बैठकीत वाचून होतो, दप्तरात मावतो आणि मैत्रिणीला देता येतो.

महाभारताची गोष्ट वेगळी आहे. ते १९८०च्या दशकात ४२ अंकांत क्रमाने प्रसिद्ध झाले, त्याची चित्रे दिलीप कदम यांनी काढली, आणि त्यात एक अंक संपतो तेथून दुसरा सुरू होतो. ते आता तीन खंडांत मिळते. हीच मालिका सुट्या अंकांत जमवायला गेलात, तर मधला एखादा अंक दुकानात नसतो, मग पुढचा हाती असूनही वाचता येत नाही, आणि मुलाचा उत्साह विक्रेत्याच्या ‘पुढच्या आठवड्यात बघा’वर टांगून राहतो. तेव्हा या बाबतीत मामांचे ऐकावे. आजींची शंकाही रास्त आहे, कारण तिन्ही खंड मिळून तेराशेहून अधिक पाने होतात आणि पालथे पडून वाचणाऱ्या मुलांना असा खंड एका हाताने पेलत नाही. घरात पोथी ठेवण्याचे लाकडी घडीचे आसन असेल, तर ते काही दिवस नातीला द्यावे. आजींची हरकत नसावी.

याच प्रकाशनाचे तीन किंवा पाच कथा एकत्र बांधलेले विषयवार खंडही दुकानात दिसतात. त्यांतील कथांमध्ये सलगता नसते, एका सूत्रातील स्वतंत्र अंक शेजारी ठेवलेले असतात इतकेच. आपल्यासारख्या, आधीपासून सुटे अंक घेत आलेल्या घरात अडचण अशी होते की, पाचांतील दोन कथा घरी आधीच असतात आणि ते मुलीला ठाऊक असते, आपल्याला नसते. घरातील अंकांची यादी तिच्याकडूनच लिहवून घ्यावी आणि दुकानात जाताना सोबत ठेवावी.

एकत्रित खंड नेहमीच चांगला, असा मात्र समज करून घेऊ नये. १९८० साली निघालेल्या ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकात राम वाईरकरांनी रेखाटलेला सुप्पांडी किंवा वसंत हळबे यांचा शिकारी शंभू अंकातील दोन-चार पानांपुरता येत असे, आणि त्याच्या मागेपुढे प्राणिकथा, कोडी, विज्ञानाची माहिती असा सगळा मेळ असे. त्या पात्रांच्या गोष्टी वेचून स्वतंत्र पुस्तके काढली जातात. ती वाईट नाहीत, पण ताटाच्या डाव्या बाजूला वाढायच्या लोणच्याची बरणीच पुढ्यात ठेवल्यासारखे होते : विसाव्या पानापर्यंत सुप्पांडी आता काय गोंधळ घालणार हे मुलांना आधीच कळू लागते. ‘सकाळ’मध्ये १९९१ पासून रोज येऊ लागलेल्या ‘चिंटू’च्या पुस्तकांनाही हे लागू आहे. रोज एक चित्रपट्टी वाचावी अशा बेताने ते काम झालेले आहे, तेव्हा पुस्तक घेतले तरी ते रोज थोडे थोडे वाचू द्यावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स वाचतो. नवे अंक निघतील तसे मागवावेत, असे मला वाटते, कारण सहा-आठ महिने थांबलो की कथानक कोठून ना कोठून कानावर पडतेच. मित्र म्हणतात, खंड येईपर्यंत थांब, पैसे वाचतील. कोणाचे ऐकू?
– एक विद्यार्थी वाचक, सक्करदरा

उत्तर : नागपुरात राहणाऱ्या वाचकाने मित्रांचे ऐकावे, असे माझे मत आहे. त्यामागे पैशांच्या हिशेबाबरोबरच हा व्यवहार कसा चालतो, हेही कारण आहे.

आधी हिशेब पाहू. अमेरिकन मासिक अंक साधारणपणे ३२ पानांचा असतो आणि त्यांपैकी कथेची पाने २० ते २२ असतात. उरलेल्या पानांवर जाहिराती आणि क्वचित वाचकांची पत्रे असतात. त्याची छापील किंमत आज बहुधा ४ ते ५ डॉलर असते. पाच-सहा अंक एकत्र करून काढलेला कच्च्या बांधणीचा खंड साधारण १६ ते २० डॉलरला पडतो, म्हणजे मुळातच सुट्या अंकांच्या बेरजेपेक्षा स्वस्त. त्यात सुटा अंक परदेशातून मागवला, तर टपालखर्च अंकाच्या किमतीच्याही वर जाऊ शकतो, आणि इतका खर्च करून हाती येतो तो घडी पडलेला, कोपरा दुमडलेला पातळ अंक.

आता व्यवहाराची बाजू. त्या देशातील सुटे अंक मुख्यतः कॉमिक्सच्या खास दुकानांना विकले जातात आणि न खपलेले परत घ्यायचे नाहीत, अशी बोली असते. ही पद्धत १९७०च्या दशकात रुळली. दुकानदार आधी मागणी नोंदवतो, त्या आकड्यांवर प्रकाशक छपाई ठरवतो आणि पुष्कळदा मालिका पुढे चालू ठेवायची की नाही, हेही त्याच आकड्यांवर ठरते. म्हणूनच तेथील चाहते ‘सुटे अंक घ्या, नाहीतर मालिका बंद पडेल’ असे एकमेकांना बजावत असतात, आणि त्यांच्यापुरते ते खरेही आहे. आपण नागपुरातून मागवलेला एखादा अंक त्या आकड्यात सहसा मोजलाच जात नाही. खंडाला मात्र आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, असतो, तो नेहमीच्या पुस्तकविक्रीच्या वाटेने फिरतो आणि म्हणूनच आपल्याकडील दुकानांत किंवा ऑनलाइन विक्रीत सुट्या अंकापेक्षा तो सहज मिळतो. कथानक आधी कळण्याची धास्ती असेल, तर तेवढ्या एका मालिकेचे अंक डिजिटल स्वरूपात घ्यावेत आणि ती मनापासून आवडलीच, तर पुढे खंड कपाटात ठेवावा.

खंड घेताना मात्र डोळस राहावे लागते. पुठ्ठ्यावरच्या ‘खंड पहिला’ या शब्दांवर विसंबू नये. अमेरिकन प्रकाशक दर काही वर्षांनी मालिकेची मोजणी नव्याने सुरू करतात, त्यामुळे एकाच नायकाचे अनेक ‘पहिले खंड’ बाजारात असतात आणि त्यांचा आपसांत काही संबंध नसतो. आतल्या मुद्रणविषयक मजकुरात कोणत्या मालिकेचे कितव्यापासून कितव्यापर्यंतचे अंक घेतले आहेत, याची ओळ असते. ती ओळ आणि लेखकाचे नाव या दोन गोष्टी जुळल्या, तरच तो आपल्याला हवा असलेला खंड. अनेक मालिकांत पसरलेल्या महाकथांच्या बाबतीत तर ही ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊच नयेत, कारण मुख्य खंडात फक्त मुख्य अंक असतात आणि ज्या प्रसंगाचा परिणाम आपण वाचत आहोत, तो प्रसंग दुसऱ्याच नायकाच्या खंडात घडून गेलेला असतो.

खंडात काय गळते, हेही माहीत असावे. जाहिराती गेल्याचे दुःख कोणाला नसते, परंतु वाचकांची पत्रेही बहुधा जातात, आणि एखाद्या पात्राच्या मृत्यूवर त्या वेळच्या वाचकांनी काय लिहिले होते, हे नंतरच्या कोणत्याही प्रस्तावनेतून कळत नाही. प्रत्येक अंकाचे मुखपृष्ठ कथेच्या दाराशी उभे असायचे, ते खंडाच्या शेवटी चित्रसंग्रहात जाऊन बसते. कधी क्रमच बदलतो. ‘सँडमन’ ही मालिका १९८९ ते १९९६ या काळात ७५ अंकांत आली आणि पुढे दहा खंडांत बांधली गेली. मासिक वाचणाऱ्याला दोन दीर्घ कथांच्या मध्ये विसावा म्हणून एकेका अंकाच्या सुट्या कथा मिळत होत्या. त्यांतील पुष्कळशा वेचून एकाच खंडात घातल्या गेल्या. त्यामुळे खंड वाचणाऱ्याला आधी सगळी धाव आणि मग सगळा विसावा मिळतो. कथा त्याच असल्या तरी वाचनाची चाल बदलते. कधी रंगही बदलतात. १९८८ साली निघालेल्या बॅटमनच्या ‘द किलिंग जोक’चे रंगकाम जॉन हिगिन्स यांचे होते, तर २००८च्या आवृत्तीसाठी चित्रकार ब्रायन बोलँड यांनी ते स्वतः नव्याने केले. झगझगीत जांभळ्या-नारिंगी रंगांच्या जागी तेथे बरेच फिके, गार रंग आले. दोन्हींचे चाहते आहेत. मला पहिले अधिक आवडते.

शेवटी बांधणीविषयी. ज्यांना ऑम्निबस म्हणतात, ते आठशे-हजार पानांचे खंड शोभिवंत असतात, पण ते उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. पातळ अंक मधोमध पिना मारलेला असल्याने सपाट उघडतो. दोन पानांवर पसरलेले चित्र असेल, तर दोन योद्धे एकमेकांवर झेपावत आहेत आणि त्यांच्या मुठी बरोबर मध्यावर भिडत आहेत, हे त्यात नीट दिसते. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या जाड खंडात नेमक्या त्या मुठी कण्यात गडप होतात आणि आपल्याला दोन कोपरे तेवढे दिसतात. पुस्तक जबरीने उघडले, तर नागपूरच्या उन्हाळ्यात कडक झालेला गोंद तडकतो आणि पाने सुटू लागतात. पानांचे जुडगे दोऱ्याने शिवलेला खंड थोडा महाग पडला, तरी तोच घ्यावा. वरच्या कडेने कण्याकडे पाहिल्यास घड्यांचे जुडगे वेगवेगळे दिसतात, ती शिलाईची खूण.

प्रश्न : माझ्या लहानपणीचे मराठी ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे अंक आणि ‘चांदोबा’चे काही अंक पेटीत आहेत. कागद पिवळा पडला आहे. महाल भागातील आमच्या ओळखीच्या बायंडरकडून त्यांचे वर्षवार खंड बांधून घ्यावेत, असा विचार आहे. मुलगा म्हणतो, ते रद्दीत द्या, हल्ली वेताळाच्या (म्हणजे ‘फँटम’च्या) जुन्या कथांचे नवे छापील खंड मिळतात, ते आणू. आपला सल्ला काय?
– एक सेवानिवृत्त वाचक, महाल

उत्तर : रद्दीत मुळीच देऊ नका आणि ‘इंद्रजाल’चे अंक बांधूनही घेऊ नका. बांधणी करताना बायंडर तीन बाजूंनी कडा कापून सरळ करतो आणि शिलाईसाठी आतल्या बाजूने जागा घेतो. मजकुराच्या पुस्तकाला समास असल्यामुळे ते चालते. कॉमिक्समध्ये चित्राची चौकट कागदाच्या कडेपर्यंत गेलेली असते, शेवटच्या फुग्यातील शब्द कडेला टेकलेले असतात, आणि कापणीनंतर संवादाची एखादी ओळच अर्धी होते. पुष्कळ बायंडर मुखपृष्ठे काढून टाकतात, ते वेगळेच. ‘चांदोबा’चे अंक मात्र जरूर बांधा, कारण त्यात मजकूर अधिक आणि समास भरपूर आहे, विक्रम-वेताळाच्या कथा वर्षाच्या क्रमाने एकत्र वाचायला मिळतील. फक्त मुखपृष्ठे काढू नका आणि कापणी अगदी कमी करा, असे बायंडरला चिठ्ठीवर लिहून द्या, तोंडी सांगितलेले संध्याकाळपर्यंत राहत नाही.

आता मुलाच्या मुद्द्याकडे वळू. त्याचे म्हणणे एका अर्थी खरे आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते. ‘इंद्रजाल’ मार्च १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० पर्यंत चालले. वेताळाच्या मूळ कथा अमेरिकन वृत्तपत्रांतील रोजच्या पट्ट्यांसाठी रचलेल्या होत्या. त्या पट्ट्या फेब्रुवारी १९३६ मध्ये सुरू झाल्या. त्या दीर्घ कथा ठरलेल्या पानांत बसवायच्या, तर काटछाट आलीच. सुरुवातीच्या अंकांत वेताळाला २८ पाने मिळत आणि कथा तेवढ्यात आणून सोडली जात असे. म्हणजे येथे नेहमीच्या उलट स्थिती आहे : सुटा अंक अपुरा आणि मूळ पट्ट्यांचा इंग्रजी एकत्रित खंड संपूर्ण. कथा पूर्ण वाचायची असेल, तर मुलाने खंड अवश्य आणावा.

परंतु तो खंड आपल्या पेटीची जागा घेऊ शकत नाही. त्यात मराठी संवाद नाहीत, ‘इंद्रजाल’ची रंगीत मुखपृष्ठे नाहीत आणि आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये ‘इंद्रजाल’साठीच निर्माण केलेला बहादूर हा नायक तर त्यात असणारच नाही. शेवटच्या पानावर कोणी पेन्सिलीने लिहिलेले नाव किंवा भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानाचा शिक्का असेल, तर तोही पुसू नका. चार-आठ आण्यांत दिवसभरासाठी अंक नेण्याची ती रीत आता दुसरीकडे कोठे नोंदलेली सापडणार नाही.

हे अंक टिकवण्यासाठी फार खर्च नको. वृत्तपत्री कागदात लाकडाच्या लगद्यातील लिग्निन नावाचे द्रव्य शिल्लक असते आणि उजेड व उष्णता यांनी ते कागदाला पिवळा, आम्लधर्मी आणि ठिसूळ करते. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या शहरात पत्र्याखालच्या माळ्यावर पेटी ठेवणे, म्हणजे ही क्रिया वेगाने चालवणे होय. कूलरच्या खोलीतही ती ठेवू नये, कारण बाहेरची हवा कोरडी असली, तरी वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा दमट असते आणि तिने पाने लहरी धरतात. घरातील मधल्या, अंधाऱ्या खोलीतील लाकडी किंवा लोखंडी कपाट उत्तम. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून उभा ठेवावा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या टाळाव्यात आणि डांबराच्या गोळ्या कागदाला टेकतील अशा ठेवू नयेत. पिना गंजल्या असतील, तर मधले पान उघडून त्या आतल्या बाजूने अलगद सरळ कराव्यात, बाहेर काढाव्यात आणि त्याच छिद्रांतून सुती दोरा ओवून गाठ मारावी. गंजाचा तपकिरी डाग जात नाही, पण पसरायचा थांबतो.

प्रश्न : मुलाने जपानी मांगा मालिकेचा संपूर्ण संच मागितला आहे. सुटे अंक घेतल्यास स्वस्त पडेल का?
– एक पालक, जरीपटका

उत्तर : मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, बाबतीत आपल्याकडे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. जपानमध्ये या कथा प्रथम हलक्या कागदावरच्या जाडजूड साप्ताहिकांत किंवा मासिकांत अनेक मालिकांबरोबर क्रमशः येतात, आणि मग एकेका मालिकेची सुमारे २०० पानांची पुस्तके निघतात. आपल्यापर्यंत ती पुस्तकेच पोहोचतात, तेव्हा सुटा अंक म्हणायचा तर तोच. मात्र संच एकदम घेऊ नये. १९९७ साली सुरू झालेल्या ‘वन पीस’ने २०२१ मध्येच पुस्तकांची शंभरी गाठली आणि ती मालिका पुढेही चालू राहिली, अशा मालिकेत तीन पुस्तकांनंतर मुलाची गोडी टिकते का, हे पाहूनच पुढचे घ्यावे.

प्रश्न : आमच्या वस्तीत मुलांसाठी छोटे वाचनालय चालवतो. रोज तीस-चाळीस मुले येतात, निधी तुटपुंजा आहे. देणगीदार म्हणतात, टिकाऊ म्हणून पक्क्या बांधणीचे खंड घ्या.
– वाचनालयाच्या एक कार्यकर्त्या, अजनी

उत्तर : देणगीदारांचे नम्रपणे आभार मानून सुटे अंक घ्यावेत. पाच कथांचा एक खंड एका वेळी एकच मूल वाचते, त्याच पाच कथा सुट्या असतील तर पाच मुले वाचतात. शनिवारी दुपारी सगळी मुले एकदम आली की हा फरक कळतो. शिवाय खंड हरवला तर पाच गोष्टी जातात, अंक हरवला तर एक. नागपुरात हिंदी सहज वाचणारी मुले पुष्कळ आहेत, म्हणून मराठीबरोबर चाचा चौधरी, नागराज, ध्रुव यांचे हिंदी अंकही ठेवावेत. बर्डीवरील जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे ते अधूनमधून निम्म्या किमतीत मिळतात. मात्र शेवटच्या पानावर ‘क्रमशः’ आहे का, हे पाहून घ्यावे, कारण पुढचा भाग नसलेला अंक मुलांच्या हाती दिल्यास तो भाग आणेपर्यंत ती आपल्याला सोडणार नाहीत.

अंक आले की वाचायला देण्यापूर्वी पिनांच्या जागी दोऱ्याचे दोन टाके घालावेत, वरून खाकी कागदाचे कव्हर घालून त्यावर मूळ मुखपृष्ठाचे छोटे रंगीत चित्र चिकटवावे, नाहीतर सगळे अंक सारखेच दिसतात आणि मुले हातच लावत नाहीत. महाभारतासारखी सलग कथा तेवढी खंडांत घ्यावी आणि ती घरी न देता तेथेच बसून वाचायला ठेवावी. आणि एक विनामूल्य सोय : बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. त्यांतील चित्रकथांची पाने छापून घेतली, तर पावसाळ्यात फाटली तरी पुन्हा छापता येतात.